परतून चालणारे मोजणीदार

आमच्या घराला कुलूप लावायचं काम बाबांकडे असतं, त्यामुळे आमची एस.टी. हमखास चुकते. कुलूप लावायचं, दोनदा ओढून बघायचं, गल्लीच्या टोकापर्यंत जायचं आणि तिथून परत येऊन तिसऱ्यांदा ओढायचं. माय म्हणते, "तुमच्या ओढण्यानंच तुटंल ते एक दिवस." बाबा शांतपणे सांगतात, "जाताना पाह्यलं ते अर्धं. येताना पाह्यलं तव्हा पुरं." गॅसचं बटण, पाण्याचा नळ, माझ्या पर्सची चेन, सगळ्यांची अशी दोनदा झडती होते. लहानपणी मला याचं हसू यायचं. आता चीड येते, कारण तीच खोड मलाही लागली आहे.

तर हे माझे बाबा, सहदेव. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. आधी मोजणीची साखळी धरणारा म्हणून लागले, मग खात्याची परीक्षा देऊन मोजणीदार झाले आणि आठ वर्षांपूर्वी मेहकरातून रिटायर झाले. अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, खिशात एक पितळी होकायंत्र. ते त्यांच्या स्वतःच्या पैशाचं, सरकारी नव्हे, हे ते न विचारता सांगतात. त्यांचा एक नेम होता. हद्दीच्या ह्या दगडापासून त्या दगडापर्यंत धुरा, म्हणजे शेताचा बांध, मोजला, की त्या दगडापासून ह्या दगडापर्यंत पुन्हा मोजायचा. याला ते 'परतून चालणं' म्हणायचे. बाकीचे मोजणीदार दुपारच्या जेवणापर्यंत काम उरकून झाडाखाली आडवे व्हायचे, आणि बाबा ऊन उतरेपर्यंत वावरात फेऱ्या मारत असायचे. साखळी धरणारे त्यांच्यासोबत जायला कुरकुर करायचे. लोक त्यांना डबल मोजणीवाले म्हणायचे. त्याचं बाबांना वाईट वाटत नसे. काळजी मात्र वाटे, कायम, कशाचीही.

मी धम्मशीला, त्यांची एकुलती एक. अकरावी-बारावीला गणित शिकवते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचा, शिकवलेल्या तासांवर सही घेत फिरायचं आणि स्टाफरूममध्ये कायम शिक्षक आले की खुर्ची सोडायची. अशी अकरा वर्षं झाली. लग्न झालं नाही, त्याची चर्चा गल्ली करते, मी करत नाही. या फेब्रुवारीत बुलढाण्याच्या एका संस्थेत गणिताची एक कायम जागा निघाली. मला बेचाळीसावं सरत आलं होतं. वयाची अट बघता ही माझी शेवटची संधी होती. हे घरात तिघांनाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच कोणी बोलून दाखवत नव्हतं.

पाच उमेदवारांना बोलावलं होतं. प्रत्येकानं तज्ज्ञांसमोर वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा. पत्रात विषय दिला होता: संमिश्र संख्या त्रिकोणमितीय रूपात मांडणे.

हा धडा मी अकरा वेळा शिकवलेला. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तरीही पत्र वाचलं आणि पुस्तक काढून धडा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. जे आपल्याला येतं त्याचीच परीक्षा असली की भीती जास्त वाटते, कारण मग चुकायला सबब उरत नाही.

धडा तसा सोपा आहे. संमिश्र संख्या म्हणजे कागदावरचा एक ठिपका. मध्ये आरंभबिंदू. तिथून इतकी पावलं उजवीकडे किंवा डावीकडे, आणि तिथून इतकी पावलं वर किंवा खाली, हा त्या ठिपक्याचा एक पत्ता. एक अधिक आय म्हणजे एक पाऊल उजवीकडे, एक वर. उणे एक अधिक आय म्हणजे एक पाऊल डावीकडे, एक वर. त्याच ठिपक्याचा दुसरा पत्ता असा: आरंभबिंदूपासून तो सरळ रेषेत किती लांब, आणि त्या रेषेनं किती वळण घेतलं. लांबीला मापांक म्हणतात, वळणाला कोनांक. हा दुसरा पत्ता साइन आणि कॉस वापरून लिहिला की झालं त्रिकोणमितीय रूप. लांबी काढताना कोणी चुकत नाही. पोरं मरतात ती कोनात. सूत्रात आकडे टाकले की कोन येतो, पण ठिपका चार चरणांपैकी, म्हणजे कागदाच्या चार भागांपैकी, कोणत्या चरणात पडलाय ते सूत्र सांगत नाही. ते आपण डोळ्यांनी बघायचं असतं.

गुरुवारपासून मी घरात तालीम सुरू केली. भिंतीला फळा टेकवला. माय हरभरा निवडत बसली आणि बाबा वहीपेन घेऊन पहिल्या बाकावर, म्हणजे खाटेवर.

"कोन कुठून मोजायचा?" पहिल्याच मिनिटाला विद्यार्थ्याची शंका.

"उजवीकडच्या अक्षापासून. समजा उगवतीकडून. आणि डावीकडं वळत जायचं."

बाबांनी पेन खाली ठेवलं. "उगवतीकडून काऊन? उत्तरेपासून मोजतात कोन. अन् उजवीकडं वळत. चौतीस वर्षं मोजले म्या."

"ते जमिनीचं, बाबा. हे गणिताचं."

"गणितात जमीन नसते काय?"

मला वेळ नव्हता. मी एक अधिक आय लिहिलं आणि पंचेचाळीस अंश काढले. बाबांनी होकायंत्र वहीवर ठेवून आपल्या पद्धतीनं मोजलं. त्यांचेही पंचेचाळीस आले. मग मी उणे एक उणे आय घेतलं. माझे दोनशे पंचवीस, त्यांचेही दोनशे पंचवीस. बाबांचा चेहरा उजळला. "पाय, एकच हाये सगळं. तुमी उगीच उलटं करता." माय हसली, मीही हसले. चार दिवस आम्ही हीच दोन उदाहरणं घोळवली, कारण ती पाठात बसत होती. बाबा खाटेवरून माझ्या आधी कोन ओरडायचे आणि मी फळ्यावर लिहायचे. हा खेळ मीच चालू ठेवला, हे कबूल करते. घरात चार दिवस कोणी काळजीचं बोललं नाही, एवढाच त्याचा फायदा.

रविवारी संध्याकाळी मात्र माझा तोल गेला. कोन काढून झाला की बाबा म्हणायचे, "आता परतून चाल." म्हणजे आलेला कोन कॉसमध्ये टाक, साइनमध्ये टाक, लांबीनं गुण आणि मूळ ठिपक्यावर पोहोचतेस का बघ. गणिताच्या दृष्टीनं बरोबरच होतं ते. पण त्यात दोन मिनिटं जायची, आणि माझा पाठ बावीस मिनिटांवर जात होता.

"बाबा, घंटा झाली की मार्क कापतात. तुमच्या परतून चालण्यापायी माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे गेली तं," बाबा म्हणाले.

माय हरभरा निवडायची थांबली. अकरा वर्षं ज्या गोष्टीसाठी हा माणूस माझ्याएवढाच झुरला, त्याच्या तोंडून हे ऐकून मला भडभडून आलं. मी खडू टाकला. बाबा बराच वेळ होकायंत्राचं झाकण उघडझाप करत बसले.

"एकडाव म्या परतून नाई चाललो," ते म्हणाले.

मग त्यांनी निंबखेडीची गोष्ट सांगितली. सव्वीस वर्षांपूर्वीची. चिखलीच्या रस्त्यावर फाट्यापासून आत एक गाव. झुंबरबाई नावाची विधवा बाई आणि तिच्या शेजारचे महादेवराव, यांच्यामधला धुरा मोजायचा होता. आभाळ भरून आलं होतं, साखळी धरणारा घाई करत होता. बाबांनी एका टोकाकडून मोजलं, खुणा रोवल्या, कागदावर सही केली आणि परतले. सहा महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याच शिवारात गेले असताना राहवलं नाही, म्हणून दुसऱ्या टोकाकडून मोजून पाहिलं. खूण सात हात चुकीच्या जागी रोवली गेली होती. झुंबरबाईची सात हात रुंद पट्टी आणि तिच्यातलं चिंचेचं झाड महादेवरावांकडे गेलं होतं.

"मग?"

"मग काय. नोकरीचं भेव वाटलं. तू शाळेत होती. कोणी इचारलं नाई, म्या बी सांगतलं नाई."

महादेवराव पुढं वारले, त्यांच्या पोरांनी वावर विकलं, धुरा मात्र तिथंच राहिला. माझ्या बापाच्या कुलपं ओढण्याचं मूळ मला बेचाळीसाव्या वर्षी कळलं. मला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि दुसऱ्या दिवशी पाठ असल्यामुळे दोन्हींना सवड नव्हती. मी खडू उचलला. त्या रात्री कोणीच धड जेवलं नाही.

सोमवारी सहाच्या एस.टी.नं आम्ही बुलढाण्याला गेलो. चिखलीपर्यंत मी डोळे मिटून पाठ म्हणत होते आणि बाबा शेजारी बसून माझ्या फाइलमधली प्रमाणपत्रं मोजत होते, पुढून मागे आणि मागून पुढे. माझा नंबर तिसरा लागला. बाबांना बाहेर बाकावर बसवून मी आत गेले.

समोर तिघं होते: संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य आणि एक तज्ज्ञ मॅडम. मॅडम पुण्याकडच्या असाव्यात, बोलणं तसं होतं. माझी जीभ आपोआप आवळली गेली. घरच्या 'मले, तुले'ऐवजी 'मला, तुला' असं जपून बोलत मी सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं छान गेली. एक अधिक आय झालं, उणे एक उणे आय झालं. अध्यक्ष मोबाइल बघत होते, प्राचार्यांपुढे चहा आला होता. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "एक उदाहरण माझ्याकडून घ्या. उणे एक अधिक आय." आणि त्या कागदावर मान घालून काहीतरी लिहू लागल्या.

मी लांबी काढली, वर्गमूळ दोन. ठिपका डावीकडे, वर. चार दिवस खाटेवरून ऐकलेला आवाज माझ्या डोक्यात घुमत होता, आणि हातानं फळ्यावर लिहिलं: तीनशे पंधरा अंश.

लिहून झालं आणि चूक दिसली. मी मनातल्या मनात उत्तरेकडे तोंड करून उजवीकडे वळले होते. एकशे पस्तीस हवे होते. अकरा वर्षांत ही चूक माझ्याकडून एकदाही झाली नव्हती. अकरावीच्या पोरानं केली असती तर मी त्याचे सगळे मार्क कापले असते.

मॅडमची मान अजून खालीच होती. अध्यक्ष मोबाइलमध्येच. डस्टर माझ्या उजव्या हाताशी होतं. एकदा फिरवलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. मी डस्टर उचललं, हे खोटं सांगणार नाही. हातात धरलं. खडूची भुकटी साडीवर सांडली. डोळ्यांपुढे ती न पाहिलेली चिंच उभी राहिली. मी डस्टर खाली ठेवलं.

"मॅडम, कोन चुकलाय," मी म्हणाले. "पुसत नाही. मले परतून चालू द्या."

'मले' निघून गेलं होतं तोंडातून. गेलं तर गेलं. तिघांनीही मान वर केली. मी तीनशे पंधराचा कॉस घेतला, लांबीनं गुणला, एक आला. साइन घेतला, उणे एक आला. तिथं ठिपका मांडला. एक उणे आय. जिथं पोहोचायचं होतं त्याच्या बरोबर समोरचा कोपरा.

"मी दुसऱ्याच्या वावरात येऊन पोहोचले," मी म्हणाले, आणि मग चूक कुठून आली तेही सांगितलं. वडील मोजणीदार आहेत. जमीन मोजताना कोन उत्तरेपासून उजवीकडे मोजतात, गणितात उगवतीच्या बाजूनं डावीकडे. पहिल्या आणि तिसऱ्या चरणातल्या नेमक्या मधल्या रेषेवर दोन्ही मोजमापं जुळतात, म्हणून माझी आधीची दोन्ही उदाहरणं बरोबर आली आणि चूक लपून राहिली. असं म्हणून मी एकशे पस्तीस लिहिलं आणि त्याचाही पडताळा घ्यायला लागले. अर्ध्यातच घंटा वाजली. समारोप राहिला, गृहपाठ राहिला. मॅडम फक्त "धन्यवाद" म्हणाल्या.

बाहेर आले तर बाबा उठून उभे. "परतून चालली?"

"चालले. चालावंच लागलं. तुमची उत्तर दिशा माझ्या हातात शिरली अन् भर पाठात चुकले मी."

हे त्या आवाजात बोलायला नको होतं. बाबा परत बाकावर बसले. गुणांच्या क्रमानं यादी चारला लागणार होती. अडीच तास आम्ही त्या बाकावर काढले. मायनं दिलेला डबा उघडला नाही. बाबा एकदाच बोलले, तेही स्वतःशीच बोलावं तसं. "कोणाकोणाले बुडवलं म्या." मला त्यांचा हात धरायचा होता, पण मी फाइलच धरून बसले. शेजारचा उमेदवार फोनवर कोणालातरी सांगत होता की त्याचा पाठ एकदम निर्दोष झाला. त्याचा मला त्या क्षणी मनापासून हेवा वाटला.

चारची यादी साडेचारला लागली. शिपायानं दारावर कागद चिकटवला, गर्दी झाली. माझी पुढं व्हायची हिंमत होईना. बाबा गेले. चष्मा लावून त्यांनी पाच नावं खालून वर वाचली. मग वरून खाली वाचली. मग पुन्हा खालून वर. मी मागून त्यांची टोपी वर-खाली होताना बघत होते. शेवटी ते वळले.

"तुहं नाव वर हाये," ते म्हणाले. "दोन्हीकून पाह्यलं."

मी तिथंच पायरीवर बसून रडले. बाबा रडले नाहीत. परतीच्या गाडीत त्यांनी माझ्याकडून सगळं दोनदा वदवून घेतलं: डस्टर कुठं होतं, कोण कुठं बघत होतं, मी नेमकं काय म्हणाले. माय दारातच उभी होती. तिनं साखर दिली, बाबांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाले, "उद्या निंबखेडीले जाऊ. तू चाल संग."

दुसऱ्या दिवशी सकाळी माय बाजाराला गेल्यावर बाबांनी माळ्यावरची जुनी साखळी काढली, पिशवीत घातली, कुलूप लावलं आणि सरळ चालू लागले. गल्लीच्या टोकापर्यंत गेले तरी मागं फिरेनात. शेवटी मीच परत जाऊन कुलूप ओढून आले.

झुंबरबाई अंगणात वाळवण राखत बसली होती. सत्तरीपुढची, पाठीत वाकलेली, नजर तीक्ष्ण. बाबांनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना असं कोणापुढं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"बाई, मले वळखलं काय? मी मोजणीवाला. सव्वीस वर्सांमांगं तुमचा धुरा मोजला होता. तो चुकला होता. सहा महिन्यांनं परतून मोजला, तव्हा समजलं. सात हात तुमचं तिकडं गेलं. सांगाले आलो."

हातातल्या काडीनं तिनं एक कोंबडी हाकलली.

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "म्या पावलांनं मोजलं होतं. इकून बी अन् तिकून बी."

मला राहवलं नाही. "मग तुम्ही तेव्हा बोलल्या का नाहीत, आजी?"

"बोलली होती ना माय. याहिच्या हाफिसात गेल्ती मी. दोनदा. हे खुर्चीवर होते. म्हणले, बाई, कागद बरोबर हाये, घरी जा."

मी बाबांकडे पाहिलं. कोणी विचारलं नाही, असं ते मला परवाच सांगत होते. डोळ्याला डोळा भिडवून सांगत होते. आता ते जमिनीकडे बघत होते, आणि टोपीची कड बोटांनी चाचपत होते.

"हाव," ते म्हणाले. "म्हणलो होतो."

"मी आल्ती ते कव्हाची गोष्ट?" बाईनं विचारलं. "परतून मोजल्यावर तुमाले समजलं, त्याच्या आंधी का मंग?"

"एकडाव आंधी. एकडाव मंग."

झुंबरबाईनं मान हलवली, जणू एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हात टेकून उठली, काठी घेतली. चिंच दोन वर्षांपूर्वी नव्या मालकानं तोडली, हे तिनं चालता चालता सांगितलं. आम्ही तिच्या मागं वावरात गेलो. नव्या मालकाला काय सांगायचं, कुठं अर्ज करायचा, सव्वीस वर्षांनी त्याचं काही होईल का, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. बाबांनी खिशातून लिहिलेला कागद काढून तिच्या हातात दिला. खाली पूर्ण सही होती. बाईला वाचता येत नव्हतं. तिनं कागदाची घडी केली आणि पदराला बांधली.

मग बाबांनी साखळी सोडली. एक टोक मी धरलं. पहिल्या दगडापासून निघून आम्ही मोजत मोजत दुसऱ्या दगडापर्यंत गेलो. ऊन चढलं होतं, बाबांचे पाय अडखळत होते. झुंबरबाई आमच्यासोबत धुऱ्यानं चालत आली. शेवटच्या दगडापाशी बाबांनी साखळी टेकवली, पाठ सरळ केली आणि तिच्याकडे पाहिलं.

"झालं?" मी विचारलं.

"नाई," झुंबरबाई म्हणाली. "आता परतून."